रूळ कंपनीचे, पोट्टे आपले

‘खेड्यातलं पोरगं आता अमेरिकेतल्या पोराच्या बरोबरीनं कोडिंग शिकणार.’ हे वाक्य गेल्या दहा वर्षांत मी इतक्या तोंडांतून ऐकलंय, की ते कानावर पडलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो. पाकीट जागेवर आहे का बघायला. मंत्री बोलतो, कंपनीचा साहेब बोलतो, पुण्या-मुंबईहून आलेली संस्थेची ताई बोलते. जिल्हा परिषदेच्या शाळेतले पोट्टे सतरंजीवर बसून टाळ्या वाजवतात, कारण टाळ्या वाजवा असं गुरुजींनी आधीच सांगून ठेवलेलं असतं. फोटो निघतो. फोटोत एक काळीसावळी पोट्टी आणि तिच्या पुढ्यात लॅपटॉप. संध्याकाळी लॅपटॉप गाडीत बसून शहरात परत जातो. पोट्टी चालत घरी जाते.

गड्यांनो, मी यंत्राचा वैरी नाही. अकोल्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलो, शाळेत कंत्राटी संगणक शिक्षक म्हणून राबलो, आजही माझी भाकर ह्याच यंत्रावर आहे. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक पोराला, प्रत्येक पोरीला प्रोग्राम लिहिता आला पाहिजे ह्या मताचा मी आहे. माझं भांडण वेगळ्याच गोष्टीशी आहे. शाळेला संगणकाचा मास्तर द्यायचा नाही, पोरांच्या भाषेतला धडा द्यायचा नाही, वीजबिलाला पैसे द्यायचे नाहीत, आणि एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मचा पासवर्ड हातात ठेवून म्हणायचं, घ्या, शिका. भुकेल्याच्या ताटात हॉटेलातलं दरपत्रक वाढायचं आणि वर म्हणायचं, जेवण झालं ना?

प्लॅटफॉर्म ह्या शब्दावरच आधी बोलू. आपल्या वऱ्हाडात प्लॅटफॉर्म म्हटलं की रेल्वे आठवते, आणि रेल्वे म्हटलं की मूर्तिजापूरची शकुंतला. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून तिचा एक फाटा यवतमाळला जायचा, दुसरा अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला. छोट्या रुळाची गाडी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन ह्या विलायती कंपनीनं हे रूळ टाकले. कशासाठी टाकले? तुमच्या-माझ्या आजीला माहेरी जाता यावं म्हणून? कापसासाठी टाकले. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला आणायचा, मोठ्या गाडीत भरायचा, मुंबईला न्यायचा, तिथून बोटीनं मँचेस्टरला. स्वातंत्र्य आलं, देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या, पण शकुंतलेचे रूळ कंपनीच्याच नावावर राहिले. गाडी चालवणारं सरकार, धक्के खाणारे आपण, आणि रुळांचं भाडं वर्षानुवर्षं कंपनीला. आता ती गाडीही बंद पडली. रुळांमध्ये गवत वाढलंय, जाऊन बघा.

शाळेत येणाऱ्या प्रत्येक प्लॅटफॉर्मला म्हणूनच दोन प्रश्न विचारायचे. रूळ कुणाचे? आणि वाहून काय चाललंय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या. २०१३ चा कंपनी कायदा आला आणि एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं भाग पडलं. वाईट नाही. पण खर्च केला तर आकडा दाखवावा लागतो. मास्तर नेमून त्याला दहा वर्षं पगार दिला तर आकडा लहान दिसतो. एक प्लॅटफॉर्म घेतला आणि शंभर शाळांना लॉगिन वाटले तर आकडा फुगतो. अमुक हजार विद्यार्थ्यांपर्यंत पोचलो. पोचलो म्हणजे काय रे बाबा? पोरानं एकदा नाव टाकलं, एकदा बटण दाबलं, तो पोचला. आपल्या पोट्ट्यांची नावं, वयं, शाळा, कुठं अडकले, किती वेळ बसले, सगळं त्या यंत्रात जमा होतं आणि अहवालाच्या गाठी बांधून वर जातं. पूर्वी कापूस जायचा. आता हजेरी जाते.

मग शिकायचं तरी कशाला हे कोडिंग? तुमच्यातले काही म्हणतील, आपल्याला काय करायचं ते गोऱ्यांचं खेळणं, आपल्याला नोकऱ्या पाहिजेत. दोस्तांनो, कोड हा शब्द आपल्याला नवा नाही. कोड म्हणजे संहिता. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी जाळली ती संहिताच होती. हिंदू कोड बिल अडवलं म्हणून १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली, तोही कोडच. कुणी कुठं बसायचं, कुणाला काय मिळायचं, कुणाला परत पाठवायचं, हे जो लिहितो त्याच्या हातात सत्ता असते. पूर्वी ते पोथीत लिहायचे. आता यंत्रात लिहितात.

खोटं वाटत असेल तर अकोट फैलातल्या नाहीतर फ्रेजरपुऱ्यातल्या कोणत्याही रेशन दुकानासमोर अर्धा तास उभे राहा. म्हातारी अंगठा लावते. जन्मभर भांडी घासून, गवत कापून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या. यंत्र म्हणतं, जुळत नाही. दुकानदार म्हणतो, मी काय करू, मशीन घेत नाही. त्या मशीनच्या पोटात कुणीतरी एक ओळ लिहिलीय : जर अंगठा जुळला, तर धान्य द्या, नाहीतर परत पाठवा. ते ‘नाहीतर’ कुणी लिहिलं? त्या ‘नाहीतर’ च्या जागी दुसरं काही लिहिता आलं असतं का? शिष्यवृत्तीचा अर्ज, घरकुलाची यादी, नोकरीची चाळणी, सगळीकडे असं एक ‘नाहीतर’ बसलंय, आणि ते लिहिणाऱ्यांत आपल्या वस्तीतलं पोरगं शोधून सापडत नाही. आपल्याला कोडिंग ह्याच्यासाठी पाहिजे. आता तर म्हणतात, कोडसुद्धा यंत्रच लिहिते. मग तर जास्तच पाहिजे. यंत्रानं काय लिहिलं ते वाचता आलं नाही, तर त्याच्याशी भांडणार कसं?

आता बघू, आजवर आपल्या पदरात काय टाकलं.

२००१ मध्ये एमकेसीएल निघाली आणि एमएस-सीआयटी आली. चौकाचौकात सेंटर. सरकारी नोकरीला ते सर्टिफिकेट लागायला लागलं आणि आपल्या पोरापोरींनी मायचं डोरलं गहाण ठेवून फी भरली. मी ह्या कोर्सला शिव्या देणार नाही. माऊस हातात धरायला, मराठीत टाइप करायला, यंत्राची भीती मोडायला लाखो लोकांना त्याचा उपयोग झाला. पण त्यानं घडवले ते यंत्र वापरणारे. यंत्राला हुकूम देणारा त्यातून निघणार नव्हता, तसा तो कोर्सही नव्हता.

मग केंद्राची आयसीटी योजना राज्यातल्या शाळांत आली. तिच्या पद्धतीचं नाव होतं बूट. हसू नका, खरंच बूट. बांधा, मालकीत ठेवा, चालवा, हस्तांतर करा, ह्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. कंपनीनं शाळेत संगणक ठेवायचे, आपला कंत्राटी शिक्षक ठेवायचा, पाच वर्षांनी संगणक शाळेला देऊन निघून जायचं. मी असाच एक बूट घातलेला शिक्षक. पाच वर्षं एका कंपनीच्या कंत्राटावर राबलो. कागदावर पगार एक, हातात दुसरा, तोही तीन-तीन महिन्यांनी. पाच वर्षं संपली, यंत्रं शाळेच्या नावावर झाली, आणि ती चालवायला येणारा माणूस घरी गेला. राज्यभरातल्या आम्हा संगणक शिक्षकांनी मोर्चे काढले, धरणी धरली. काय झालं? लॅबला कुलूप लागलं. कुलपाची किल्ली मुख्याध्यापकाच्या कपाटात, आणि यंत्रांवर उंदरांनी घरटी केली. पाच वर्षांत पोट्टे जे शिकले होते त्याच्या पुढचं शिकवायला कुणी उरलं नाही. हस्तांतर झालं ते भंगाराचं.

मेळघाटात याहून मोठा तमाशा झाला. अमरावती जिल्ह्यातलं धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ च्या सुमारास देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजवलं. मायक्रोसॉफ्ट आली, कॅमेरे आले. एप्रिल २०१९ मध्ये लोकसभेच्या प्रचारात राज ठाकऱ्यांनी त्याच हरिसालचे व्हिडिओ पडद्यावर लावले आणि विचारलं, कुठाय डिजिटल? दोन पुढाऱ्यांमध्ये गाव चेंडूसारखं फिरलं. निवडणूक संपली, चेंडू पडला. त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न कुणाच्याही तोंडून आला नाही. हरिसालच्या परिसरातलं कोरकू पोरगं घरात कोरकू बोलतं. शाळेत गेलं की मराठी ही त्याला दुसरी भाषा. पडद्यावरचं इंग्रजी तिसरी. मग प्रोग्रामची भाषा चौथी. चार भिंती त्यानं एकट्यानं चढायच्या, आणि चढला नाही की आपण म्हणायचं, सोय दिली होती, पोरांनाच गोडी नाही.

शहरातल्या मध्यमवर्गाची वेगळीच तऱ्हा. जुलै २०२० मध्ये नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात सहावीपासून कोडिंगचा उल्लेख होता. झालं! मुंबईत २०१८ ला निघालेली व्हाइटहॅट ज्युनियर तोवर टीव्हीवर धुमाकूळ घालत होती. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजनं तिला तीस कोटी डॉलरला विकत घेतलं. जाहिरातीत वुल्फ गुप्ता नावाचा एक पोरगा, ज्याला म्हणे गूगलमध्ये कोट्यवधींची नोकरी लागली. तो पोरगा जगात नव्हताच! जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या संस्थेनं सांगितल्यावर काही जाहिराती मागं घ्याव्या लागल्या. टीका करणाऱ्यांवर कोट्यवधींचे दावे ठोकले आणि २०२१ मध्ये ते गुपचूप मागं घेतले. जुलै २०२४ मध्ये बायजूजच दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात उभी राहिली. ह्या कंपन्यांच्या भरवशावर ज्यांनी पोरांचं भविष्य ठेवलं त्यांचं त्यांनी बघावं. पण गल्लीतल्या आपल्या माणसानंही हप्त्यावर टॅब घेतलाय हो. माझ्या दुकानात ते टॅब दुरुस्तीला यायचे. फुटलेले कमी, विसरलेले जास्त.

आता वर्गात काय होतं ते सांगतो, कारण त्याबद्दल बोलणारे बहुतेक वर्गात गेलेलेच नसतात.

२०२२ च्या हिवाळ्यात एका संस्थेनं मला मूर्तिजापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मानधनावर लावलं. पदाचं नाव ‘सुलभक’. शिक्षक म्हणायचं नाही, अशी ताकीद. शिक्षक म्हटलं की पगार, रजा, पेन्शन हे शब्द मागून चालत येतात. माझं काम काय? पोट्ट्यांना लॉगिन करून द्यायचं, नेट गेलं की माझ्या फोनचा हॉटस्पॉट द्यायचा, महिनाअखेर हिरवे टिक मोजून पाठवायचे. शिकवायचं पडद्यानं. वर्गात ३८ पोट्टे, ८ टॅब, त्यांतले चालू ५.

दोन आठवड्यांत पोट्ट्यांनी प्लॅटफॉर्मला बरोबर ओळखलं. रंगीत ठोकळे ओढायचे, सोडायचे. चुकलं तर यंत्र म्हणतं पुन्हा प्रयत्न करा. मग दुसरा ठोकळा. कधीतरी हिरवा टिक येतोच. वीस पायऱ्या ‘पूर्ण’ केलेल्या एका पोराला मी कागद दिला. म्हटलं, पाच वेळा पाऊल टाक, हे यंत्राला कसं सांगशील ते लिही. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. म्हणाला, “सर, थे हिरवं कागदावर कुठी येते जी?”

ह्यात पोराचा काय दोष? सीमोर पपर्ट नावाचा माणूस होता. १९६७ मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामची भाषा काढली. त्याची धास्ती हीच होती, की मुलानं यंत्राला चालवायला हवं, आणि शाळांमध्ये यंत्रच मुलाला चालवायला लागलंय. माझ्या डोळ्यांसमोर तेच चाललं होतं, आणि मला त्याचे टिक मोजायचे होते.

एक दिवस नेट गेलं ते चार दिवस आलंच नाही. मी टॅब बाजूला ठेवले आणि फळ्यावर आलो. कापसाचा हंगाम होता. म्हटलं, कोणाकोणाची माय वेचणीला जाते? अर्ध्या वर्गानं हात वर केले. भाव त्या वर्षी तिकडं किलोला दहा रुपये. सातवीतल्या एका पोट्टीच्या वहीत मायच्या सहा दिवसांच्या वेचणीचे आकडे होते, घरच्या ताणकाट्यावर मोजलेले : ३२, २८, ३५, ३०, २७, ३४. मी म्हटलं, यंत्राला हे सगळं येत नाही समजा. त्याला एकेक पायरी सांगायचीय. आधी एक रिकामा डबा, त्याला नाव द्या ‘एकूण’. मग रोजचे किलो त्या डब्यात टाका. हे सहा वेळा करा. झालं की दहानं गुणा. हेच लूप, दुसरं काही नाही. पोट्ट्यांनी मराठीत लिहिलं, कागदावर. उत्तर आलं १८६ किलो, १८६० रुपये.

पोट्टी गप्प बसली. मग म्हणाली, “सर, मायले १७४० देल्ले.”

सगळा वर्ग तिच्या वहीवर तुटून पडला. १२० रुपये कमी, म्हणजे १२ किलो, म्हणजे रोजचे २ किलो. कुणीतरी म्हणालं, मुकादम गाठोड्याच्या फडक्याचं वजन कापतो. पोट्टी म्हणाली, “फडक्याचं वजन दोन किलो अस्ते का जी?” दुसऱ्या दिवशी तिनं घरून फडकं आणलं आणि पोषण आहाराच्या काट्यावर टाकलं. पाव किलोच्या आत! मग आम्ही प्रोग्रामात एक ‘जर’ घातला : जर कापणी पाव किलोपेक्षा जास्त, तर सांग किती रुपये खाल्ले. नेट आल्यावर तेच ठोकळ्यांत उतरवलं. तेव्हा मात्र कोणता ठोकळा कुठं, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

मुकादमानं पैसे परत केले असं खोटं मी लिहिणार नाही. त्यानं तिच्या मायला दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं नाही. तिसऱ्या दिवशी बोलावलं, कारण वेचणीला बाया मिळत नव्हत्या. फडक्याचे दोन किलो मात्र त्या हंगामात पुन्हा कापले गेले नाहीत. आणि संस्थेकडून मला काय आलं? ह्या महिन्यात तुमच्या शाळेचे टिक कमी आहेत, असा फोन. मार्चनंतर मानधन बंद.

आता आपल्यातलाच एक आक्षेप. तो मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. आपले काही शिकलेले पोरं म्हणतात, बरं झालं मास्तर नाही. मास्तरानं आपल्याला काय दिलं? मागच्या बाकावर बसवलं, आडनाव विचारून हसला, स्कॉलरशिपवाले म्हणून हिणवलं. पडदा जात विचारत नाही. पडद्यासमोर मी आणि ब्राह्मणाचं पोर सारखे.

गड्या, तुझी जखम मला माहीत आहे. मीही त्याच बाकावर बसलोय. आणि फोनवर रात्र-रात्र जागून एकट्यानं प्रोग्राम शिकलेले दोन-चार पोरं मीही बघितलेत, त्यांना माझा सलाम. पण पडदा जात विचारत नाही हे अर्धंच खरं. तो आडनाव विचारत नाही, तो विचारतो : रिचार्ज आहे का? इंग्रजी येतं का? बसायला खोली आहे का? अडलास तर घरात विचारायला कोण आहे? १३ नोव्हेंबर १९२७ ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीच्या दाराचा प्रश्न घेऊन. त्या दारावर निदान माणूस उभा होता, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येत होता. ह्या दारावर कुणीच उभं नसतं. आत जाता आलं नाही की आपण समजतो, आपल्याच डोक्यात काही कमी आहे.

आणि जातीयवादी मास्तरावर उपाय काय, हे आपल्याला कुणी पडद्यानं शिकवायची गरज नाही. ते १८८२ मध्ये जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं सांगून ठेवलंय. शाळांमधले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून मास्तर काढून टाका असं म्हणाले का ते? ते म्हणाले, शेतकरी-कष्टकरी जातींतून मास्तर तयार करा, नांगराचा रुमणा आणि सुताराचा वाकस हातात धरायची लाज वाटणार नाही असे, आणि त्यांना नीट पगार द्या. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा सरकारचा तेव्हाचा सिद्धांत त्यांनी भर कमिशनपुढं झाडला. आजचा प्लॅटफॉर्मवालाही हेच झिरपणं विकतो. वर एक उत्तम धडा तयार करू, तो तारेतून खाली सगळ्यांना झिरपेल.

झिरपतो का? जगातल्या मोठ्यात मोठ्या विद्यापीठांनी, हार्वर्डनं आणि एमआयटीनं, आपले ऑनलाइन कोर्स फुकट खुले केले. २०१७-१८ मध्ये नाव घालणाऱ्या शंभरातले तीनच जण शेवटपर्यंत गेले. ही मोठ्या माणसांची गत, मग सातवीतल्या पोट्टीची काय असेल? १९९९ मध्ये दिल्लीच्या कालकाजीत एनआयआयटीच्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून झोपडपट्टीकडं संगणक बसवला होता. मुलं आपली आपण शिकतात म्हणून जगभर डंका. मुलं हुशारच होती, शंकाच नाही. पण भोक पाडलं, भिंत पाडली नाही. पेरूत सरकारनं लाखो पोरांना लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये तपासणी झाली, तर गणितात आणि भाषेत काडीचा फरक पडलेला नव्हता.

घरचे आकडे घ्या. केंद्राच्या नमुना पाहणीत २०१७-१८ मध्ये खेड्यातल्या शंभर घरांपैकी साडेचार घरांतसुद्धा संगणक नव्हता. शाळांची सरकारी मोजणी सांगते, २०२३-२४ मध्ये देशातल्या शंभर शाळांपैकी ५७ शाळांत संगणक, ५४ शाळांत इंटरनेट. आणि मोजणीत असणं वेगळं, सुरू असणं वेगळं. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूर पुन्हा टाळेबंद झाले. घरात एक फोन, तो बापासोबत कामावर, शिक्षण म्हणे सुरू आहे! तेव्हा सुटलेले पोट्टे कुठं गेले? विटभट्टीवर बघा, गॅरेजमध्ये बघा.

मग जमतच नाही का? जमतं. केरळात जमलं. २००१ मध्ये त्यांनी शाळांसाठी आयटी कार्यक्रम सुरू केला. बाहेरून सुलभक आणले नाहीत, शाळेत होते त्याच मास्तरांना, मास्तरणींना शिकवून तयार केलं. कंपनीचं विकतचं सॉफ्टवेअर टाकून दिलं, मुक्त सॉफ्टवेअर आपल्या हातानं बांधून घेतलं. मल्याळममध्ये पाठ्यपुस्तक काढलं, वेळापत्रकात तास दिला. २०१८ पासून सरकारी शाळांतल्या पोरांचे लिटल काइट्स नावाचे गट आहेत, पोरं स्वतः प्रोग्राम लिहितात. ऑनलाइन साधनं तेही वापरतात. पण रूळ त्यांचे आहेत, आणि डायवर शाळेच्या पगारपत्रकावर आहे.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या प्रत्येक शाळेसाठी आपली मागणी साधी आहे.

एक. संगणकाचा कायम शिक्षक, पूर्ण पगारावर. सुलभक, स्वयंसेवक, तासिकावाला चालणार नाही. आणि त्या भरतीत आपले पोरंपोरी आरक्षणासकट.

दोन. धडा मराठीत, मेळघाटात कोरकूतून समजावणारा माणूस. यंत्राची भाषा इंग्रजीसारखी दिसते म्हणून तिचा विचारही इंग्रजीतून करावा लागतो, हा खोटारडेपणा आहे. वर वेचणीचा हिशेब बघा.

तीन. नेटशिवाय चालणारी साधनं. स्क्रॅच एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही, पैसेही लागत नाहीत. मग नेटच्या नावानं रडगाणं कशाला?

चार. लॅबची किल्ली. शाळा सुटल्यावर आणि रविवारी लॅब उघडी पाहिजे.

पाच. कोणतीही कंपनी, कोणतीही संस्था शाळेत येणार असेल, तर तिचा करार शाळा व्यवस्थापन समितीपुढं वाचला जाईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात. वेचणीला जाणाऱ्या मायनं विचारावं, माझ्या पोरीचं नाव तुम्ही कुठं नेता जी?

मागण्या लिहून कागद काळा करणं आपल्याला चांगलं जमतं. म्हणून कामही सांगतो. बडनेऱ्याच्या, अमरावतीच्या, अकोल्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून आपले शेकडो पोरं बाहेर पडलेत. पुण्याला हिंजवडीत बसून चौदा एप्रिलला स्टेटस ठेवणाऱ्या इंजिनिअर भावांनो, तुमच्या कंपनीत जुने झाले म्हणून विकायला काढलेले दोन संगणक उचला आणि वस्तीतल्या अभ्यासिकेत आणून ठेवा. महिन्यातून दोन रविवार या. व्याख्यान देऊ नका, पोट्ट्याच्या शेजारी बसा. अडेल तेव्हा त्याला विचारायला माणूस पाहिजे.

आणि जे इथंच आहेत त्यांनी ह्याच आठवड्यात एक करायचं. आपल्या भागातल्या एका शाळेचा माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचा. विचारायचं : शाळेला आजवर किती संगणक, किती टॅब मिळाले? कुणाकडून? आज चालू किती? किल्ली कुणाकडं? शिकवणाऱ्याचं नाव आणि पद काय? कोणत्या प्लॅटफॉर्मशी करार झाला, त्याची प्रत द्या. मुलांची माहिती कुणाला दिली, त्याचा कागद द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं, नाही आलं की अपील. शंभर शाळांची उत्तरं एकत्र आली, की ती घेऊन आपण जिल्हा परिषदेत आणि महानगरपालिकेत जाऊ, तेव्हा तोंड लपवायला त्यांना डॅशबोर्ड पुरणार नाही.

अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. एक किलो वेचणीचे पैसे. काढा.